विश्लेषण : बिअरचं विरजण शुद्ध करणारे एमिल हॅन्सन कोण होते? एका पेशीने जगभरची बिअर कशी बदलली?

बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर चाखणाऱ्यांना त्यात केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. प्रत्यक्षात त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. हा वास येतो यीस्टमुळे. घरी बिअर बनवण्याचा छंद असलेली अमेरिका-युरोपातली मंडळी आज दुकानातून हव्या त्या जातीच्या यीस्टचं पाकीट आणतात आणि हवी तशी चव मिळवतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र जगातल्या बड्या ब्रुअऱ्यांनाही आपल्या टाकीत नेमकं कोणतं यीस्ट आहे हे सांगता येत नव्हतं. हे चित्र बदललं ते डेन्मार्कच्या एमिल क्रिस्टियन हॅन्सन यांनी. गरीब रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या, कादंबऱ्या लिहून शिक्षणाचा खर्च भागवणाऱ्या या माणसाची गोष्ट आणि त्यांच्या शोधामागचं विज्ञान समजून घेऊ.

बिअरमध्ये यीस्टचं काम काय?

बिअरचे मूळ घटक चार : पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं आणि यीस्ट. माल्ट गरम पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि एक गोड काढा मिळतो. त्याला वर्ट म्हणतात. त्यात हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते आणि अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड व वास-चवीची शेकडो रसायनं बाहेर टाकते.

आपल्याकडे हे समजायला विरजणाचं उदाहरण पुरेसं आहे. काल लावलेल्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढून आजच्या दुधाला लावायचं, हा घरोघरचा रिवाज. ब्रुअरीतही तेच चालायचं. एका घाण्याच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका काढून पुढच्या घाण्यात घालायचा. विरजण चांगलं असेपर्यंत दही छान लागतं. एकदा ते बिघडलं की रोजचं दही आंबट, तारयुक्त होत जातं आणि शेवटी शेजारून नवीन विरजण आणावं लागतं. ब्रुअरीचा व्याप हजारो लिटरचा. तिथे विरजण बिघडलं तर आख्ख्या हंगामाचा माल ओतून देण्याची वेळ यायची.

रंगाऱ्याचा मुलगा विज्ञानाकडे कसा वळला?

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ रोजी डेन्मार्कमधल्या रिबे या जुन्या गावात झाला. वडील घरं रंगवण्याचं काम करत. घरात पैशांची चणचण होती. एमिल यांनीही तरुणपणी रंगकाम केलं. पुढे खासगी शिक्षक म्हणून नोकरी करताना त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. विद्यापीठाचं शिक्षण त्यांच्या वाट्याला आलं तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. ज्या वयात सोबतचे लोक नोकरी-संसारात स्थिरावतात, त्या वयात ते कोपनहेगनमध्ये विद्यार्थी होते.

खर्च भागवण्यासाठी त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, भाषांतरं केली. चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो हॅन्सन आणि त्यांचे सहकारी आल्फ्रेड यॉर्गेनसन यांनी मिळून केला होता. त्याच वर्षी हॅन्सन यांना विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. विषय होता शेणावर उगवणाऱ्या बुरश्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण पुढच्या कामाची तयारी तिथेच झाली. डोळ्यांना न दिसणारी बुरशी ओळखायची, वेगळी काढायची, वाढवायची आणि तिचा जीवनक्रम पाहायचा, हे कसब त्यांनी शेणावरच्या बुरशीवर कमावलं आणि बिअरच्या यीस्टवर वापरलं.

कार्ल्सबर्गला प्रयोगशाळा कशासाठी हवी होती?

याकोब क्रिस्टियन याकोबसन यांनी १८४७ मध्ये कोपनहेगनजवळ कार्ल्सबर्ग ब्रुअरी सुरू केली. नाव मुलाचं, कार्लचं. त्याला जोड टेकडी या अर्थाच्या डॅनिश शब्दाची. त्याआधी १८४५ मध्ये त्यांनी म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीतून लागर बिअरचं यीस्ट आणलं होतं. प्रवास घोडागाडीचा आणि अनेक दिवसांचा. यीस्ट गरम होऊन मरू नये म्हणून वाटेतल्या थांब्यांवर डब्यांवर गार पाणी ओतत त्यांनी ते घरी पोहोचवलं. कार्ल्सबर्गची सगळी बिअर त्या विरजणावर उभी होती.

याकोबसन यांचा परंपरेपेक्षा विज्ञानावर भरवसा होता. त्यांनी १८७५ मध्ये कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि १८७६ मध्ये कार्ल्सबर्ग फाउंडेशन स्थापन केलं. प्रयोगशाळेच्या नियमांत त्यांनी एक असाधारण अट घातली. इथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध, मग तो सैद्धांतिक असो वा व्यवहारात उपयोगी पडणारा, गुप्त ठेवायचा नाही. खासगी कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेसाठी ही अट आजही धाडसी वाटते.

हॅन्सन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे आले. बिअरमधल्या सूक्ष्मजीवांवरच्या प्रबंधासाठी त्यांना १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी ते शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, ते याच पदावर राहिले.

पाश्चर यांच्या संशोधनात काय राहून गेलं होतं?

लुई पाश्चर यांचं बिअरवरचं पुस्तक १८७६ मध्ये आलं. फ्रान्स-जर्मनी युद्धातल्या पराभवानंतर फ्रेंच बिअर जर्मन बिअरच्या तोडीची व्हावी, या जिद्दीने त्यांनी हे काम हाती घेतलं होतं. बिअर नासते ती जिवाणूंमुळे, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. तो बरोबर होता, पण पूर्ण नव्हता.

यीस्टमधून जिवाणू हटवले की ते शुद्ध झालं, असं तेव्हा मानलं जाई. त्यासाठी पाश्चर यांनी टार्टारिक आम्ल घातलेल्या साखरेच्या द्रावणात यीस्ट वाढवण्याची पद्धत सुचवली होती. त्यात जिवाणू मागे पडत. हॅन्सन यांनी दाखवलं की या द्रावणात चांगलं यीस्टही मागे पडतं आणि रानटी यीस्टचं मात्र फावतं. म्हणजे औषधामुळेच रोग बळावण्याची शक्यता. दुखण्याचं मूळ कधी कधी खुद्द यीस्टमध्येच असतं, हा त्यांचा मुद्दा होता. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन पेशी चवीच्या बाबतीत पूर्ण वेगळ्या असू शकतात.

रानटी यीस्ट येतं कुठून?

हॅन्सन यांनी या प्रश्नाचा माग बागेत आणि मातीत काढला. लिंबाच्या आकाराची टोकदार पेशी असलेली यीस्टची एक जात त्यांनी निवडली, कारण ती सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येते. उन्हाळ्यात ती पिकलेल्या गोड फळांवर सापडते, पावसाने आणि गळलेल्या फळांबरोबर मातीत जाते, हिवाळा मातीत काढते आणि पुढच्या उन्हाळ्यात वारा व किडे तिला पुन्हा फळांपर्यंत नेतात, हे चक्र त्यांनी सिद्ध केलं. सूक्ष्मजीव निसर्गात वर्षभर कुठे राहतात याचा हा अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक.

ब्रुअरीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. फळं पिकण्याच्या दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, हवेत रानटी यीस्ट सर्वाधिक असतं. त्या दिवसांत उघड्या, रुंद हौदांत वर्ट गार करायला ठेवणं म्हणजे या पाहुण्यांना आमंत्रण देणं. हा मुद्दा लक्षात ठेवा, बेल्जियमच्या संदर्भात तो पुन्हा येईल.

१८८३ मध्ये काय बिघडलं?

त्या वर्षी याकोबसन यांच्या जुन्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतली बिअर बिघडू लागली. चव कडवट, नकोशी. वासही खराब. म्युनिकहून जपून आणलेलं, जवळपास चार दशकं सांभाळलेलं विरजण हाताबाहेर गेल्याची ही चिन्हं होती. त्यात घरातला ताणही होता. मुलगा कार्ल याने वडिलांशी मतभेद झाल्यावर शेजारीच नवी कार्ल्सबर्ग ब्रुअरी काढली होती. म्हणजे थोरल्या याकोबसन यांच्या बिअरची पत आणि प्रतिष्ठा दोन्ही पणाला लागली होती.

हॅन्सन यांनी बिघडलेल्या बिअरमधलं यीस्ट तपासलं. ते एका जातीचं नव्हतंच. त्यातून त्यांनी चार प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाची स्वतंत्र बिअर करून पाहिली. एकच प्रकार मूळची चांगली चव देत होता. बाकीच्यांतून बिघाड निपजत होता.

एक पेशी वेगळी कशी काढली?

यीस्टची एक पेशी साधारण पाच ते दहा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. चिमट्याने ती उचलता येत नाही. हॅन्सन यांनी त्यासाठी गणिताचा आधार घेतला. पद्धत अशी :

१. यीस्ट पाण्यात मिसळून खूप पातळ करायचं. एका थेंबात किती पेशी आहेत ते बारीक चौकटी आखलेल्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

२. समजा थेंबात १० पेशी निघाल्या. तेवढाच थेंब २० मिलिलिटर पाण्यात टाकून चांगला हलवायचा.

३. त्यातलं एकेक मिलिलिटर पाणी वर्ट भरलेल्या २० निर्जंतुक चंबूंत घालायचं. सरासरीने एका चंबूच्या वाट्याला अर्धी पेशी येते.

४. चंबू हलवून शांत ठेवायचे. पेशी तळाशी बसते आणि तिथेच वाढते. काही दिवसांनी ज्या चंबूच्या तळाशी एकच पांढरा ठिपका दिसेल, तिथलं सगळं यीस्ट एकाच पेशीची संतती.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकलेल्यांना यातलं पॉसाँ वितरण ओळखू येईल. सरासरी ०.५ असेल, तर २० पैकी साधारण १२ चंबू रिकामे राहतात, ६ मध्ये एक पेशी जाते आणि २ मध्ये दोन किंवा अधिक. ते शेवटचे दोन ठिपके मोजून बाजूला काढता येतात. या मोजणीत किती चूक संभवते, याचा हिशेब पुढे गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गोसेट यांनी १९०७ मध्ये मांडला. स्टुडंट या टोपणनावाने टी-टेस्ट देणारे ते हेच.

हॅन्सन एवढ्यावर थांबले नाहीत. रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंसाठी जिलेटिनचा थर वापरायला सुरुवात केली होती. हॅन्सन यांनी वर्ट आणि जिलेटिनचं मिश्रण पातळ काचेवर पसरलं, त्यात विखुरलेल्या पेशींपैकी एकटी पडलेली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हेरली, तिची जागा नोंदवली आणि तिच्यापासून वसाहत वाढताना पाहिली. आता अंदाजाला जागा राहिली नाही. एका पेशीपासूनच सुरुवात झाली हे डोळ्यांनी दिसत होतं.

१२ नोव्हेंबर १८८३ ला काय झालं?

याकोबसन सुरुवातीला साशंक होते. पिढ्यान्‌पिढ्या बिअर यीस्टच्या मिश्रणावरच बनत आली होती. एका पेशीच्या संततीवर एवढी मोठी ब्रुअरी चालवायची, ही कल्पना त्यांच्या पचनी पडत नव्हती. अखेर १२ नोव्हेंबर १८८३ रोजी जुन्या कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्ट पहिल्यांदा उत्पादनासाठी वापरलं गेलं. त्याचं नाव कार्ल्सबर्ग तळयीस्ट क्रमांक १. लागरचं यीस्ट थंड तापमानात, सुमारे ८ ते १० अंश सेल्सिअसला काम करून टाकीच्या तळाशी बसतं, म्हणून तळयीस्ट.

बिअर चांगली झाली. पुढच्या घाण्यातही चांगली झाली. हेच खरं यश होतं, कारण एकदा चांगली बिअर नशिबानेही होते, प्रत्येक वेळी तीच चव येणं हा पद्धतीचा पुरावा. वर्षभरातच ब्रुअरीचं सगळं उत्पादन शुद्ध यीस्टवर आलं.

प्रयोगशाळेतल्या चंबूतून ब्रुअरीच्या टाकीपर्यंत जायचं तर यीस्ट मोठ्या प्रमाणावर, बाहेरची हवा न लागता वाढवायला हवं. त्यासाठी हॅन्सन यांनी ब्रुअरीचे व्यवस्थापक क्यूले यांच्यासोबत तांब्याच्या बंद पात्रांचं यंत्र तयार केलं. आत जाणारी हवा गाळून घ्यायची, वर्ट निर्जंतुक ठेवायचं आणि थोडं यीस्ट मागे ठेवून पुन्हा वाढवायचं. आजच्या औषध आणि लस कारखान्यांतली किण्वन यंत्रं याच विचाराची पुढची पायरी आहेत.

शोध फुकट का वाटला?

इथे प्रयोगशाळेची ती अट कामी आली. पेटंट घेऊन प्रतिस्पर्ध्यांना रोखणं याकोबसन यांना शक्य होतं. त्यांनी उलट केलं. पद्धत प्रसिद्ध झाली आणि मागेल त्या ब्रुअरीला यीस्टचे नमुने पाठवले गेले. नेदरलँड्सच्या हायनिकेनने १८८६ मध्ये हार्टोग एलियन यांच्याकडून हॅन्सन यांच्या पद्धतीने स्वतःचं यीस्ट वेगळं करून घेतलं. अनुवादातले सहकारी यॉर्गेनसन यांनी १८८१ मध्ये कोपनहेगनमध्ये काढलेल्या किण्वन प्रयोगशाळेत देशोदेशीचे तंत्रज्ञ शिकायला येत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या व्हिक्टोरिया ब्रुअरीत ऑग्युस्त द बावे या मूळच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने १८८९ च्या सुमारास ही पद्धत वर तरंगणाऱ्या एल यीस्टवर वापरली.

ब्रिटनने विरोध का केला?

जर्मनी, डेन्मार्कची लागर लगेच सुधारली. ब्रिटनमध्ये मात्र गाडी अडली. तिथली मुरवलेली एल महिनोन्‌महिने पिपांत ठेवली जाई. एकाच जातीचं यीस्ट वापरून बनवलेली एल स्वच्छ होती, पण मुरल्यावर येणारी ओळखीची चव तिला येईना. ब्रिटिश ब्रुअर नवं स्वीकारायला तयार नाहीत, असा आरोप झाला. त्यात थोडं तथ्य असेलही, पण त्यांची जीभ चुकत नव्हती.

याचं उत्तर सापडलं पुन्हा कार्ल्सबर्गमध्येच. नील्स येल्ते क्लाउसन यांनी १९०४ मध्ये जाहीर केलं की इंग्लिश एलच्या पिपांत दुसरंच एक संथ काम करणारं यीस्ट असतं आणि मुरण्याची चव त्याची असते. त्याला त्यांनी ब्रिटिश बुरशी या अर्थाचं नाव दिलं : ब्रेटानोमायसिस. हॅन्सन यांच्या व्याख्येप्रमाणे जे रानटी, ते दुसऱ्या बिअरमध्ये हवंहवंसं निघालं. गंमत अशी, की हे कळलं ते हॅन्सन यांच्याच पद्धतीमुळे. प्रत्येक जात वेगळी काढता येऊ लागल्यावरच कोणती जात काय करते हे सांगता येऊ लागलं.

बेल्जियन बिअरशी याचा काय संबंध?

बेल्जियमने या शोधातून दोन वेगळ्या वाटा काढल्या.

पहिली वाट ब्रसेल्स आणि सेन नदीच्या खोऱ्यातल्या लांबिक बिअरची. इथे यीस्ट घालतच नाहीत. उकळलेलं वर्ट रात्रभर उथळ, उघड्या हौदात ठेवतात. हवेतले आणि पुढे लाकडी पिपांतले सूक्ष्मजीव ते आंबवतात आणि बिअर एक ते तीन वर्षं मुरते. हॅन्सन ज्याला धोका म्हणत होते, तोच इथे कच्चा माल. पण नियम इथेही आहे. पारंपरिक लांबिक साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच बनवतात, कारण उन्हाळ्याच्या हवेत नको असलेले जीव फार असतात. म्हणजे हॅन्सन यांनी बागेत शोधलेलं ऋतुचक्र लांबिक बनवणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. या लांबिकमधूनच १९२१ मध्ये कुफेराथ आणि व्हान लायर यांनी ब्रेटानोमायसिसच्या जातीचं वर्णन केलं. तिच्या नावात ब्रसेल्स शहर कायमचं राहिलं.

दुसरी वाट मठांतल्या ट्रॅपिस्ट बिअरची. शिमे गावाजवळच्या स्कुर्मों मठात १८६२ पासून बिअर बनते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथलं काम नव्याने उभं करताना फादर तेओदोर यांनी लूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक जाँ द क्लर्क यांच्या मार्गदर्शनाखाली मठाचं यीस्ट वेगळं केलं. साल १९४८. पद्धत हॅन्सन यांची, उद्देश मात्र उलटा. चव सपाट करण्याऐवजी आपल्या मठाची खास चव देणारी पेशी शोधून जपायची. ओर्वाल मठाच्या बिअरमध्ये तर बाटली भरताना ब्रेटानोमायसिस मुद्दाम घालतात. त्यामुळे नवी आणि सहा महिने ठेवलेली बाटली चवीला वेगळी लागते.

बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या विविधतेतला मोठा वाटा यीस्टचा आहे.

चव घेताना हे कसं ओळखायचं?

बिअर चाखणारे जाणकार आधी वास घेतात, मग घोट. यीस्टची खूण अशी ओळखतात :

लागर : यीस्टचा वास जवळजवळ नाही. माल्टचा पावासारखा आणि हॉप्सचा गवताळ वास स्वच्छ कळतो. हॅन्सन यांच्या कामाचा हा थेट परिणाम.

बेल्जियन गव्हाची बिअर : केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट या एस्टरचा, तर लवंगेचा वास ४-व्हायनिल ग्वायकॉल या फिनॉलचा. दोन्ही यीस्टने तयार केलेले. धणे आणि संत्र्याची साल मात्र खरोखर घातलेली असते.

ट्रॅपिस्ट दुबेल आणि ट्रिपेल : दुबेलमध्ये मनुका-खजुरासारखी चव, ट्रिपेलमध्ये फळांचा आणि मिरपुडीसारखा वास.

लांबिक : आंबटपणा जिवाणूंचा, चामड्याची किंवा गोठ्याची आठवण करून देणारा वास ब्रेटानोमायसिसचा. पहिल्या घोटाला अनेकांची नाकं मुरडतात.

बिअर फार थंड असेल तर यातलं काहीच कळत नाही. म्हणून बेल्जियन बिअर लागरपेक्षा कमी गार आणि रुंद तोंडाच्या ग्लासात देतात.

घरी बिअर बनवणाऱ्यांना हॅन्सन यांनी काय दिलं?

ब्रिटनमध्ये १९६३ पासून आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर स्वतःपुरती बिअर घरी बनवणं मोकळं झालं. त्यातून हा छंद वाढला आणि अमेरिकेतल्या अनेक क्राफ्ट ब्रुअऱ्यांची सुरुवातही घरच्या स्वयंपाकघरातच झाली. साधारण ११ ग्रॅमच्या सुक्या यीस्टच्या पाकिटात २० लिटर बिअर आंबते. त्या पाकिटावर जातीचं नाव, तापमानाची मर्यादा आणि अपेक्षित चव लिहिलेली असते. एवढ्या खात्रीने ते लिहिता येतं, कारण आतलं सगळं यीस्ट एकाच पेशीच्या वंशातलं असतं.

हौशी मंडळी आणखी एक उद्योग करतात. बाटलीतच मुरणाऱ्या बेल्जियन बिअरच्या तळाशी जिवंत यीस्टचा साका असतो. तो वाढवून त्यावर आपली बिअर बनवतात.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट स्पष्ट हवी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरी स्वतःसाठी का असेना. पुण्यात २००९ पासून आणि नंतर राज्यातल्या इतर शहरांत आलेल्या मायक्रोब्रुअऱ्या उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात. तिथे मिळणाऱ्या बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमागेही शुद्ध यीस्टचंच तंत्र आहे.

हॅन्सन यांच्या शोधाची किंमत काय मोजावी लागली?

एका पेशीने खात्री दिली, पण विविधता कमी केली. पूर्वी गावागावाच्या ब्रुअरीचं यीस्ट वेगळं होतं. शुद्ध यीस्ट पसरल्यावर जगभरची लागर मोजक्या वंशांवर येऊन थांबली. जनुकीय अभ्यासात लागरच्या यीस्टचे मुख्य दोनच गट सापडतात आणि कार्ल्सबर्ग क्रमांक १ त्यातल्या एकात मोडतं. वेगवेगळ्या कंपन्यांची लागर डोळे मिटून प्यायली तर फरक सांगणं अवघड जातं, त्याचं एक कारण हे. गेल्या चार-पाच दशकांत क्राफ्ट बिअरवाले बेल्जियमकडे वळले ते याच एकसुरीपणाला कंटाळून.

दोष एकट्या हॅन्सन यांचा मात्र नाही. त्यांनी जात वेगळी करण्याचं साधन दिलं. ते एकच जात सगळीकडे वापरायला लावत नाही. त्याच साधनाने शिमेच्या मठाने आपली चव जपली आणि क्लाउसन यांनी ब्रिटिश एलची चव समजावून सांगितली.

पुढे काय झालं?

हॅन्सन यांनी लागरच्या यीस्टला १९०८ मध्ये स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन कार्ल्सबर्गचं नाव दिलं. २७ ऑगस्ट १९०९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी प्रयोगशाळेच्या शेजारच्या विभागात सोरेन सोरेनसन यांनी पीएच मोजपट्टी मांडली. आणि १८८३ मध्ये, हॅन्सन यीस्ट वेगळं करत होते त्याच साली, योहान केल्डाल यांनी इथेच नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली होती. दूध-धान्यातली प्रथिनं तपासायला ती आजही आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वापरतात. एका ब्रुअरीच्या नफ्यातून निघालेलं हे विज्ञान आहे.

लागरच्या यीस्टचं एक कोडं मात्र हॅन्सन यांच्यानंतर शंभर वर्षं टिकलं. हे यीस्ट दोन जातींचा संकर आहे हे कळलं होतं, पण थंडी सोसणारी दुसरी जात कोणती ते सापडत नव्हतं. २०११ मध्ये ती दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीचवर्गीय झाडांवर सापडली आणि पुढे तिबेटमध्येही आढळली. रानटी यीस्ट निसर्गात कुठे राहतं, हा हॅन्सन यांचा जुना प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला संशोधकांना अखेर ब्रुअरीबाहेर, झाडा-मातीकडेच जावं लागलं.